हेमलकशाचे प्राणिलेखन, क्रमिक पुस्तक आणि बेडकाचे स्वादुपिंड : एक चिकित्सा

प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या जवळजवळ नऊ वर्षे आधी, २३ डिसेंबर १९७३ रोजी, बाबा आमटे यांनी भामरागडजवळील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाची मुहूर्तमेढ रोवली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे उभारलेला दवाखाना, १९७६ मध्ये सुरू झालेली आश्रमशाळा आणि प्राण्यांचे अनाथालय यांची माहिती मराठी वाचकाला आता नव्याने देण्याची गरज नाही. २००८ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि हेमलकसा हे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. मात्र या स्थळाने मराठी साहित्याला जे दिले, त्याची समीक्षा बहुतांशी समाजकार्याच्या अंगाने झाली आहे. डॉ. प्रकाश आमटे यांचे 'प्रकाशवाटा' व 'रानमित्र' आणि विलास मनोहर यांचे 'नेगल' या पुस्तकांमुळे मराठीत प्राण्यांविषयीच्या लेखनाची एक स्वतंत्र धारा तयार झाली. विज्ञानगद्य म्हणून या धारेचा विचार फारसा झालेला नाही.

प्रस्तुत लेखात हा विचार एका लहान, किंबहुना क्षुल्लक वाटणाऱ्या प्राण्याच्या निमित्ताने केला आहे. तो प्राणी बेडूक. आणि त्यातही त्याचे स्वादुपिंड व रक्तातील साखरेचे नियमन. निवड विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे, परंतु तिच्यामागे कारण आहे. भामरागडच्या परिसरात पावसाळ्याच्या पहिल्या रात्री ज्याचा आवाज सर्वत्र भरून राहतो, तो प्राणी तेथील मुलाला दोन ठिकाणी वाचायला मिळू शकतो : आपल्याच परिसराविषयी लिहिलेल्या मराठी पुस्तकांत आणि अकरावीच्या जीवशास्त्रात. पहिल्या ठिकाणी तो जवळजवळ अनुपस्थित आहे. दुसऱ्या ठिकाणी तो उपस्थित आहे, पण पाठीवर उताणा टाकलेला आणि पोट उघडलेला. जिवंत बेडकाच्या शरीरात वर्षभर काय चालते, हा प्रश्न या दोहोंच्या मधल्या फटीत पडून राहिला आहे.

हेमलकशाच्या प्राणिलेखनाचा स्वभाव

या लेखनाचा उगम एका प्रसंगात आहे आणि तो प्रसंग सर्वपरिचित आहे. शिकार करून परतणाऱ्या माडियांजवळ एक मेलेले माकड होते आणि त्याच्या अंगाला बिलगलेले जिवंत पिल्लू होते. ते पिल्लू डॉ. आमटे यांनी मागून घेतले, वाढवले. पुढे बिबटे, अस्वले, तरस, हरणे, मगरी, साप असा परिवार वाढत गेला. भुकेसाठी शिकार करणाऱ्या माणसांना तुच्छ न लेखता, त्यांच्याकडून पिल्ले मात्र मागून घ्यायची, या भूमिकेतून हे अनाथालय उभे राहिले. त्यामुळे त्याविषयीचे लेखन उपदेशपर झाले नाही, ही त्याची मोठीच जमेची बाजू होय.

साहित्यप्रकार म्हणून पाहता हे लेखन व्यक्तिचित्रांचे आहे. प्राण्याला नाव असते, तो कोठून व कसा आला याची हकीकत असते, त्याचा स्वभाव, लळा, रुसवा, आजार आणि बहुधा मृत्यूही असतो. मराठीत व्यक्तिचित्राची परंपरा समृद्ध आहे. तिचा विस्तार माणसाकडून प्राण्याकडे करणे ही या धारेची खरी कामगिरी. 'नेगल'मध्ये बिबट्या हा शिकारकथेतील भक्ष्य किंवा भय न राहता घरातील एक सदस्य होतो, हे मराठी वाचकाला त्या काळी नवीन होते.

परंतु व्यक्तिचित्राची एक अट असते : ज्याचे चित्र काढायचे, त्याला चेहरा हवा. सस्तन प्राण्याला तो असतो. सापालाही, भीतीमुळे का होईना, एक व्यक्तिमत्त्व मिळते. बेडकाला ते मिळत नाही. त्याला लळा लागत नाही, तो हाकेला येत नाही, आणि एक बेडूक दुसऱ्यापासून वेगळा ओळखणे अवघड असते. म्हणून स्नेह हे ज्या लेखनाचे साधन आहे, त्या लेखनाच्या केंद्रस्थानी उभयचर येऊ शकत नाहीत. हा लेखकांचा दोष नव्हे, साधनाची मर्यादा आहे. जो प्राणी मांडीवर घेता येत नाही त्याच्याविषयी आस्था निर्माण करावयाची, तर लेखनाला दुसरे साधन शोधावे लागते, आणि ते साधन म्हणजे त्याच्या शरीराची समज.

येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. या धारेचे प्रमुख लेखक व्यवसायाने डॉक्टर आहेत. हेमलकशाच्या दवाखान्यात माणसांवर आणि प्राण्यांवर उपचार करणारे हात एकच. असे असूनही प्राण्याच्या आतले जग, म्हणजे यकृत, रक्त, ग्रंथी यांचे जग, या गद्यात फार थोडे उतरते. डॉक्टरांनी प्राण्यांविषयी लिहिताना शरीरशास्त्र बाजूला ठेवले आणि माणुसकी पुढे केली. वाचक त्यामुळे जिंकला गेला. विज्ञानगद्याची संधी तेवढी मागे पडली.

क्रमिक पुस्तकातील बेडूक

आता दुसरे टोक. महाराष्ट्रातील अकरावी-बारावी विज्ञानाचा विद्यार्थी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेचे पुस्तक वाचतो. या परीक्षेचा पायाच ते पुस्तक आहे. त्याच्या अकरावीच्या जीवशास्त्रातील प्राण्यांच्या रचनेविषयीच्या प्रकरणात भारतीय बेडकाचे वर्णन येते. त्याचे नाव तेथे राना टायग्रिना असे जुनेच आहे. वर्गीकरणशास्त्रात हा बेडूक आता होप्लोबॅट्राकस टायगेरिनस या नावाने ओळखला जातो.

हे वर्णन समीक्षकाच्या नजरेने वाचले असता एक गोष्ट ध्यानात येते. प्रकरणाच्या आरंभी सांगितले आहे की, कडक उन्हाळ्यात व थंडीत बेडूक खोल बिळात आश्रय घेतो, आणि त्याला उन्हाळझोप व हिवाळझोप म्हणतात. पुढे पचनसंस्थेत यकृत येते ते पित्तासाठी, आणि स्वादुपिंड येते ते पाचक रसासाठी. त्यानंतर बऱ्याच अंतराने अंतःस्रावी ग्रंथींच्या यादीत स्वादुपिंडातील द्वीपके एका शब्दाने हजेरी लावून जातात. तीन विधाने, तिन्ही बिनचूक. पण ती एकमेकांना कोठेही भेटत नाहीत. महिनोन्‌महिने काही न खाणाऱ्या प्राण्याच्या रक्तात साखर कोठून येते, आणि ती राखण्याचे काम ज्या द्वीपकांकडे आहे ती द्वीपके त्या काळात काय करतात, हा प्रश्न त्या तीन वाक्यांना शेजारी ठेवताच उभा राहतो. पुस्तक ती शेजारी ठेवत नाही. शेवटी बेडकाचे मनुष्याला होणारे फायदे मात्र सांगितले आहेत : कीटक खातो, पिके राखतो, आणि काही देशांत त्याचे पाय खाल्ले जातात. याच पायांच्या निर्यातीवर भारत सरकारने १९८७ मध्ये बंदी घातली होती, ही गोष्ट तेथे आली असती तर निदान या फायद्याची दुसरी बाजू दिसली असती.

पदवीपातळीवरील प्राणिशास्त्राची जुनी पुस्तके रचनेच्या बाबतीत अधिक तपशीलवार आहेत. जठर आणि आद्यांत्र यांच्या बेचक्यात, आंत्रबंधात बसलेले स्वादुपिंड. फिकट पिवळसर, ओबडधोबड आकाराचे. पित्तनलिका त्याच्यातूनच जाते आणि स्वादुपिंडाचा रस तिच्यात मिसळून पुढे आद्यांत्रात उतरतो. हे सर्व आकृतीत नेमके दाखवलेले असते. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी ही आकृती पेन्सिलीने काढली, नावे डावीकडे की उजवीकडे लिहावीत याचीही शिस्त पाळली. अवयवाचे स्थान पाठ झाले. त्याचे काम पाठ करण्याची वेळ आली तेव्हा पुस्तक बेडूक सोडून मनुष्याकडे वळले. परिणामी विद्यार्थ्याच्या मनात एक विचित्र संकर तयार होतो : स्वादुपिंडाची आकृती बेडकाची आणि त्याचे कार्य माणसाचे.

जे पुस्तकात यावयास हवे होते

हा संकर का चुकीचा, हे समजण्यासाठी बेडकाच्या रक्तशर्करेचे वास्तव थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे.

निरोगी माणसाच्या उपाशीपोटी रक्तात दर १०० मिलिलिटरला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. ही मर्यादा अरुंद आहे, आणि तिच्या बाहेर जाणे म्हणजे आजार, अशीच आपली समजूत आहे. बेडकाच्या बाबतीत असा एक आकडा सांगणेच मुळात कठीण. त्याच्या रक्तातील ग्लुकोज बहुधा माणसापेक्षा कमी असते आणि ते ऋतू, तापमान, आहार व प्रजननाचा काळ यांनुसार बदलते. जी चंचलता माणसात रोग ठरते, ती येथे जगण्याची रीत आहे.

याची कारणे बेडकाच्या जीवनक्रमात आहेत. प्रौढ बेडूक पूर्णतः मांसाहारी. किडे, गांडुळे, कधी लहान बेडूकही. त्याच्या ताटात भात नाही. आहारातून पिष्टमय पदार्थ जवळजवळ मिळत नसल्याने रक्तातील ग्लुकोजचा मोठा भाग यकृताला प्रथिनांपासून घडवावा लागतो. भैकेराचे, म्हणजे बेडकाच्या डिंभाचे, मात्र तसे नाही. तो शेवाळ व वनस्पतींचे अवशेष खरवडून खातो आणि त्याचे आतडे लांबलचक, घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले असते. रूपांतराच्या काळात अवटू ग्रंथीच्या स्रावामुळे हे आतडे आखूड होते, हे सर्व पुस्तके सांगतात. त्याच वेळी स्वादुपिंडही आकाराने मोठ्या प्रमाणात आक्रसते, त्याच्या जुन्या पेशींचा बराच भाग नाहीसा होतो आणि प्रौढाचे स्वादुपिंड नव्याने रचले जाते, हे आफ्रिकेतील झेनोपस या नखीबेडकावरील अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. शेपूट गळते हे मुलांना दिसते. ग्रंथी मोडून पुन्हा बांधली जाते हे दिसत नाही. तरीही शाकाहारी प्राण्याचा मांसाहारी प्राणी होतो तो पोटात, शेपटीत नव्हे.

बेडकाच्या स्वादुपिंडात इन्शुलीन, ग्लुकागॉन आणि सोमॅटोस्टॅटिन तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या बाबतीत तो आपल्याहून फार वेगळा नाही. परंतु त्यांची मांडणी सस्तन प्राण्यांतील ठळक, गोलसर द्वीपकांइतकी सुबक नसते. लहान पुंजके, कोठे एकट्यादुकट्या पेशी अशी ती विखुरलेली असतात. पाउल लँगरहॅन्स याने १८६९ मध्ये सस्तन प्राण्याच्या स्वादुपिंडात जी बेटे पाहिली, तीच मनात धरून बेडकाचा काचपट्टीवरील छेद पाहणाऱ्या विद्यार्थ्याची निराशा व्हावी हे साहजिकच आहे. इन्शुलीनचा परिणामही येथे सावकाश होतो. ज्युलियन हक्स्ली आणि फुल्टन यांनी १९२४ मध्ये दाखवून दिले की, इन्शुलीन दिलेल्या बेडकावर त्याचा परिणाम किती लवकर दिसेल हे भोवतालच्या तापमानावर अवलंबून असते. थंडीत तो रेंगाळतो, उष्णतेत लवकर येतो. म्हणजे या प्राण्यात संप्रेरकाचे घड्याळ हवेवर चालते.

मधुमेहाच्या इतिहासात बेडकाचे आणि भेकाचे स्थान काय, याची तर मराठीत दखलच घेतली गेलेली दिसत नाही. १८८९ मध्ये मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून मधुमेह निर्माण केला, हे मधुमेहावरील जवळजवळ प्रत्येक लोकप्रिय पुस्तकात असते. त्यानंतर दोनच वर्षांत, १८९१ मध्ये, आल्डेहोफ याने हाच प्रश्न बेडूक व कासव यांच्या बाबतीत विचारला होता. १९३० च्या सुमारास अर्जेंटिनातील बेर्नार्दो हुसाय यांनी ब्यूनस आयर्समध्ये तेथील सामान्य भेकावर केलेले प्रयोग याहून कितीतरी महत्त्वाचे ठरले. स्वादुपिंड काढले की भेकाला मधुमेह होतो. परंतु त्याच भेकाची मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथीही काढली, तर तो मधुमेह सौम्य होतो. आणि पीयूषिकेच्या अग्रखंडाचे रोपण केले की पुन्हा उचल खातो. रक्तातील साखर ही एकट्या स्वादुपिंडाची जहागीर नाही, तिच्यावर पीयूषिकेचाही हक्क आहे, हे वैद्यकाला पटले त्यात या भेकाचा मोठा वाटा आहे. या कार्यासाठी हुसाय यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक कोरी दांपत्याबरोबर विभागून मिळाले. तत्पूर्वी १९४३ मध्ये लष्करी राजवटीने त्यांना विद्यापीठातून काढून टाकले होते, तरी काम थांबले नाही. महाग उपकरणांच्या अभावी, अंगणात सापडणाऱ्या प्राण्यावर पहिल्या प्रतीचे संशोधन होऊ शकते याचे हे उदाहरण आहे. दूरच्या, साधनहीन महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना ते सांगितले जात नाही, ही मोठीच उणीव म्हणावी लागेल.

दुसरे उदाहरण उत्तर अमेरिकेतील वनबेडकाचे. हिवाळ्यात हा बेडूक पालापाचोळ्याखाली अक्षरशः गोठतो. शरीरातील पाण्याचा सुमारे ६५ टक्क्यांपर्यंत भाग बर्फ होतो, हृदय थांबते, आणि वसंतात तो पुन्हा चालू लागतो. त्वचेवर बर्फाचा पहिला कण तयार होताच काही मिनिटांत यकृतातील ग्लायकोजेनचे ग्लुकोज होऊ लागते. एरवी दर लिटरला १ ते ५ मिलिमोल असणारी साखर गाभ्याच्या अवयवांत २०० ते ३०० मिलिमोलपर्यंत चढते. माणसाच्या परिभाषेत हा आकडा दर १०० मिलिलिटरला ३,६०० मिलिग्रॅमच्या पुढे जातो. ही साखर पेशींच्या आतील पाणी धरून ठेवते आणि पेशी फुटू देत नाही. बर्फ वितळल्यावर तिचे पुन्हा ग्लायकोजेन होते. केनेथ स्टोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून या घटनेचा पाठपुरावा केला.

मात्र या उदाहरणाचा मोह आवरता घ्यावयास हवा. लोकप्रिय विज्ञानलेखनाला चमत्कार आवडतो, आणि गोठून जिवंत होणारा बेडूक हा त्याला आयताच सापडलेला विषय आहे. भामरागडला बर्फ पडत नाही. तेथील बेडकापुढचे संकट थंडीचे नसून कोरडेपणाचे आहे. उन्हाळ्यात ओढे आटतात, जमीन तडकते आणि बेडूक ओलाव्याच्या शोधात मातीत उतरतो. अशा काळात जमिनीत दडून राहणाऱ्या अनेक बेडकांच्या चयापचयाचा वेग खूप खाली येतो. ऑस्ट्रेलियातील काही जमिनीत पुरणाऱ्या बेडकांत तो विश्रांतीच्या वेगाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत उतरल्याचे आढळले आहे. इंधन म्हणून मुख्यतः चरबी वापरली जाते. वृक्कांच्या पुढे असणारे, बोटांसारखे दिसणारे पिवळे मेदपिंड ज्यांनी छेदनात पाहिले, त्यांनी ही शिदोरीच पाहिली होती, पण बहुतेकांच्या वहीत ती प्रजननसंस्थेच्या आकृतीत एका नावापुरती उरली. रक्तात यूरिया साठवून शरीर पाणी धरून ठेवते. ग्लुकोज थोडे लागते, पण लागतेच. आणि ते घडविण्याचे काम यकृत मंदगतीने चालू ठेवते. एका वाक्यात सांगायचे तर, वनबेडूक साखर उधळून वाचतो आणि दुष्काळातला बेडूक ती जपून वाचतो. मराठी विद्यार्थ्याला दुसरी गोष्ट आधी कळली पाहिजे.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मंडूकसूक्तात वर्षभर निजून राहिलेले आणि पर्जन्याच्या आगमनाबरोबर बोलू लागलेले बेडूक आहेत. निरीक्षण जुने आहे. त्यावरचा प्रश्न मात्र आपण विचारला नाही.

परिभाषेचा प्रश्न

येथे मराठी शब्दांची चिकित्सा अपरिहार्य ठरते. एकाच अवयवासाठी मराठी विश्वकोशाने 'अग्निपिंड' हा शब्द वापरला, शालेय पुस्तकांनी 'स्वादुपिंड' रुळवला, आणि हिंदी पुस्तके वाचणारा विद्यार्थी 'अग्न्याशय' म्हणतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमाभागात हे तिन्ही शब्द एकाच वर्गात ऐकू यावेत अशी परिस्थिती आहे. 'अग्निपिंड' हा शब्द जठराग्नीच्या जुन्या कल्पनेला धरून आहे, म्हणजे पचनाकडे बोट दाखवतो. 'स्वादुपिंड' मधील स्वादु म्हणजे गोड, रुचकर. त्यामुळे ऐकणाऱ्याचे लक्ष, नकळत का होईना, साखरेकडे जाते. ग्रंथीची दोन कामे दोन शब्दांत वाटली गेली आहेत हा योगायोग मनोरंजक आहे, परंतु शिक्षकाने त्याचा उपयोग करून घेतल्याचे क्वचितच आढळेल.

याहून गंभीर प्रश्न 'शीतरक्ताचे प्राणी' या शब्दप्रयोगाचा आहे. मे महिन्यात भामरागडच्या उन्हात असलेल्या बेडकाचे रक्त थंड असते असे ज्याला वाटते, त्याने बेडूक हातात घेतलेला नाही. विश्वकोशातील 'अनियततापी' हा शब्द शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष, पण त्याचाही आरंभ 'अ' ने होतो. बेडकाजवळ काय नाही, हे सांगून तो थांबतो. हवेबरोबर आपला चयापचय वरखाली करणे ही उणीव नसून क्षमता आहे, हे त्या शब्दातून कळत नाही.

तीच गोष्ट 'उन्हाळझोप' व 'ग्रीष्मनिद्रा' यांची. निद्रा म्हटले की विश्रांती आठवते आणि विश्रांतीत काही घडत नसते. विश्वकोशाने 'ग्रीष्मनिष्क्रियता' हा शब्द योजला. तो निद्रेपेक्षा बरा, पण निष्क्रिय शब्दही यकृत, वृक्क आणि द्वीपके यांच्या त्या काळातील कामावर पडदाच टाकतो. बाहेरून स्तब्ध आणि आतून काटकसरीने चालू, अशा अवस्थेला मराठीत नेमका शब्द अजून हवा आहे. मारुती चितमपल्ली यांनी विदर्भाच्या रानात हिंडून, वनवासी माणसांच्या तोंडून शब्द गोळा करून पक्षी, प्राणी व वृक्ष यांच्यासाठी मराठीला शब्दभांडार दिले. ते काम मुख्यतः नावांचे होते. शरीरातील क्रियांसाठी तसा शोध कोणी घेतलेला नाही. माडिया, गोंडी, छत्तीसगढी, झाडीबोली यांतील ऋतूंविषयीच्या आणि प्राण्यांच्या हालचालींविषयीच्या शब्दांतून काही हाती लागेल की नाही, हे तेथील शाळांतील शिक्षकच सांगू शकतील.

शेवटचा शब्द 'नियंत्रण'. वर्तमानपत्री आरोग्यलेखनात साखर नेहमी 'नियंत्रणात' ठेवायची असते. ती जणू उनाड पोर आहे आणि इन्शुलीन हा छडी घेतलेला मास्तर. मधुमेहाच्या रुग्णाला सल्ला देताना ही भाषा चालून जाते. शरीरक्रियाशास्त्रात मात्र मराठीने 'नियमन' हा वेगळा शब्द बाळगला आहे आणि तो अधिक अचूक आहे. नियंत्रणात ठरलेल्या रेषेबाहेर जाणे हा अपराध असतो. नियमनात रेषाच परिस्थितीनुसार हलू शकते. बेडकाच्या शरीरात नेमके हेच घडते : ऋतू बदलला की रक्तशर्करेची पातळी बदलते, आणि प्राणी आजारी पडत नाही. हे दोन शब्द सर्रास पर्याय म्हणून वापरले गेल्यामुळे बेडकाचे उदाहरण मराठीत समजावून सांगणे विनाकारण अवघड झाले आहे.

छेदनानंतर

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्रातील छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये पदवी व पदव्युत्तर स्तरावरील छेदन थांबविण्याचे कळविले. या निर्णयाचे स्वागतच करावयास हवे. हजारो बेडूक दरवर्षी केवळ पाठ्यक्रमाच्या सवयीमुळे मारले जात होते आणि त्यांतून कोणाला नवीन काही कळत नव्हते. परंतु प्रयोगशाळेतून बेडूक गेला तेव्हा त्याच्या जागी तक्ता आला, संगणकावरील आकृती आली. म्हणजे मेलेल्या बेडकाची जागा त्याच्याच चित्राने घेतली. जिवंत बेडूक तेव्हाही बाहेर होता आणि आताही बाहेरच आहे.

हेमलकशाचे प्राणिलेखन आणि हा पाठ्यक्रम यांची गाठ येथे पडू शकली असती. एकाकडे आस्था आहे पण शरीर नाही. दुसऱ्याकडे शरीर आहे पण प्राणी नाही. डॉ. आमटे यांच्या पुस्तकांनी एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली आहे : प्राण्याला इजा न करता, त्याच्यासोबत दीर्घकाळ राहून त्याच्याविषयी पुष्कळ जाणता येते. हीच पद्धत बेडकाला लावली, तर रक्ताचा थेंबही न काढता कितीतरी नोंदी होऊ शकतात. पहिला बेडूक कोणत्या पावसानंतर दिसला, त्या आधी किती दिवस जमीन ओली होती, भेक आणि बेडूक एकाच रात्री बाहेर आले की वेगवेगळ्या, डिंभांना पाय फुटण्यास कोणत्या डबक्यात किती दिवस लागले, रूपांतराच्या दिवसांत त्यांनी खाणे केव्हा थांबवले आणि किडा पहिल्यांदा केव्हा टिपला. शेवटच्या दोन नोंदींमधले अंतर म्हणजे स्वादुपिंडाच्या पुनर्रचनेची बाहेरून दिसणारी खूण. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हाही या नोंदी थांबण्याचे कारण नाही.

पहिल्या पावसाच्या रात्री नर बेडूक तासन्‌तास ओरडतो. ते ओरडणे स्वस्त नसते. ओरडणाऱ्या बेडकांच्या धडाचे स्नायू चरबीबरोबर साठवलेले ग्लायकोजेनही जाळतात, आणि कित्येक जातींत याच रात्री नराच्या वर्षातील सर्वांत मोठ्या खर्चाच्या असतात. महिनोन्‌महिने जपून ठेवलेल्या साखरेचा हिशेब त्या आवाजातच चालू असतो. आश्रमशाळेच्या वसतिगृहात झोपलेल्या मुलाच्या कानावर तो पडतो. सकाळी उघडलेल्या पुस्तकात यकृताच्या चित्राला एक रेघ आणि त्या रेघेच्या टोकाला एक नाव असते.